सेगावचे मातीचे घर : एका प्रयोगाचे कागद

इतिहासाच्या तासाला किल्ले येतात, लेणी येतात, राजवाडे येतात. मातीचे घर मात्र सहसा येत नाही. दगड टिकतो, माती टिकत नाही, हे त्याचे साधे कारण. मातीच्या घराची दरवर्षी शाकारणी करावी लागते, पावसाळ्यानंतर भिंती लिंपाव्या लागतात, जमीन तर सतत सारवावी लागते. अशा रीतीने साठ-सत्तर वर्षे राखलेले घर आज आपल्यासमोर उभे असेल, तर त्यातली मूळ माती किती आणि नंतरची किती? आणि ते घर एखाद्या प्रयोगासाठी बांधले असेल, तर तो प्रयोग काय होता हे भिंतींकडे पाहून कसे कळणार?

या प्रश्नांचा विचार करायला आपल्या विदर्भातच एक फार चांगले उदाहरण आहे. ते म्हणजे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातले पहिले घर, 'आदि निवास', आणि त्याच्या शेजारची 'बापू कुटी'. ही घरे पाहायला शाळांच्या सहली जातात. मुले वाकून आत पाहतात आणि पुढे जातात. आम्ही किन्हीराजा परिसरातले शिक्षक. आम्हाला वाटते की या घरांचा खरा पाठ घरांइतकाच कागदांत आहे.

प्रयोग कशाचा?

१९३० साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला न परतण्याचे ठरवले होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. पण ग्रामोद्योगाचे काम शहरात बसून करायचे, ही विसंगती होती. म्हणून ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेगाव या खेड्यात आले. मीराबेन तिथे आधीपासून काम करत होत्या.

घर बांधायचे ठरले ते काही अटींवर. सामान जवळपास मिळणारे हवे, कारागीर आणि मजूर गावचे हवेत, खर्च थोडा हवा. प्रयोगशाळेत आपण काही गोष्टी बांधून घेतो आणि मग काय होते ते पाहतो. इथेही तसेच आहे. प्रश्न असा होता : गावातल्या कोणालाही बांधता येईल अशा घरात निरोगी राहता येते का, आणि देशाचे काम चालवता येते का?

घर उभे राहिल्यावर सहा-सात महिन्यांनी, ९ जानेवारी १९३७ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आदर्श खेड्याचे वर्णन केले. घरांत पुरेसा उजेड आणि हवा असावी, आणि बांधकामाचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, असे त्यात सांगितले आहे. पुढे लॉरी बेकर या वास्तुशास्त्रज्ञांनी गांधीजींकडून हाच पाच मैलांचा विचार ऐकला आणि नंतर केरळात त्यावर काम केले.

घरमालक बाहेरगावी असल्याचा फायदा

मे १९३६ च्या सुरुवातीला गांधीजी सेगावहून बाहेर पडले. उन्हाळ्याचा बराच काळ ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर होते. १६ जूनला ते सेगावला परतले, तेव्हा घर तयार होते. म्हणजे घर बांधले जात असताना ज्याला त्यात राहायचे होते तो माणूस जागेवर नव्हता.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे फार सोयीचे असते. समोरासमोर बोललेले शब्द हवेत विरतात. दूर असलेल्या माणसाला पत्र लिहावे लागते. गांधीजींनी मीराबेनना लिहिलेली पत्रे १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आली. मीराबेननी आपले आत्मचरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध केले. गांधीजींच्या समग्र लेखनाचे शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले, आणि त्यांत पत्रे तारखेनुसार लावलेली आहेत. मूळ कागद साबरमतीचे संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय गांधी संग्रहालय अशा ठिकाणी जपले आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या गांधी हेरिटेज पोर्टलमुळे हे खंड आता खेड्यातल्या शाळेलाही पडद्यावर वाचता येतात.

पण पत्र आणि आत्मचरित्र यांना एकाच तागडीत तोलू नये. पत्र त्याच दिवशी लिहिलेले असते, आत्मचरित्र वीस-पंचवीस वर्षांनी. पत्रात काय करायचे आहे ते असते, आत्मचरित्रात काय झाले असे आठवते ते असते. दोन्ही जुळले तर पुरावा बळकट होतो. जुळले नाहीत, तर का जुळत नाहीत हाच शोधाचा विषय होतो.

शंभर की चारशे नव्व्याण्णव?

या घराबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये अशी गांधीजींची अट होती. ऐकणारा सहज समजतो, की घर शंभर रुपयांत झाले. आश्रमाने दिलेल्या माहितीत मात्र पहिल्या घराला सुमारे दीड महिना लागला आणि ४९९ रुपये खर्च आला असे म्हटले आहे.

यातला पहिला आकडा अटीचा आहे आणि दुसरा हिशेबाचा. अट आणि निष्पत्ती यांची गल्लत झाली की प्रयोगाची दंतकथा होते. वर्गात मुलांना एक छोटी पडताळणी करायला सांगावी. ३० एप्रिल ते १६ जून हे दिवस मोजा. सत्तेचाळीस भरतात, म्हणजे दीड महिना. निदान कालावधीचा आकडा तारखांशी जुळतो. एका साधनातली माहिती दुसऱ्या साधनावर घासून पाहायची, हे इतिहासाचे मूळ काम चौथीतल्या वजाबाकीनेही करता येते.

घराच्याच उजेडातली छायाचित्रे

कनू गांधी हे गांधीजींचे चुलत नातू आश्रमात राहत. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला. गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या : झगझगाटाचा दिवा वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम बसवून छायाचित्र घ्यायचे नाही, आणि आश्रम त्यासाठी पैसा देणार नाही.

या अटींचा एक अनपेक्षित फायदा झाला आहे. घरातली ही छायाचित्रे कृत्रिम प्रकाशावाचून, खिडकी-दारातून येणाऱ्या उजेडातच घेतलेली आहेत. म्हणजे ती माणसांची चित्रे आहेतच, शिवाय त्या खोलीत किती उजेड पोचत होता याची नोंदही आहेत. पुरेसा उजेड ही अट कितपत पाळली गेली, हे त्यांवरून तपासता येते. भिंतींवरच्या मातीच्या नक्षीसारख्या खुणांवरून आजची भिंत तेव्हाच्या भिंतीशी ताडूनही पाहता येते. बापू कुटी ही मुळात मीराबेनची झोपडी. गांधीजी तिथे राहायला गेले आणि तिच्यात भर पडत गेली. कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहूनचा, हे ठरवायला अशी छायाचित्रेच कामी येतात.

प्रयोगात काय कमी पडले?

चांगल्या नोंदवहीत अपयशही असते. सप्टेंबर १९३६ मध्ये गांधीजींना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या रुग्णालयात राहावे लागले. त्याच वर्षी मीराबेनना विषमज्वर झाला. जाड मातीच्या भिंतीतून उन्हाची उष्णता आत यायला कित्येक तास लागतात, तोवर संध्याकाळ होते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा बाहेर जाते. उन्हाच्या बाबतीत घर चांगले होते. पण भिंत कितीही चांगली असली तरी डास आणि दूषित पाणी यांना ती थांबवू शकत नाही. घराचे आरोग्य गावाच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही, हा या प्रयोगाचा एक मोठा निष्कर्ष आहे, आणि तो भिंतींवर कुठे लिहिलेला नाही. तो आजारपणाच्या तारखांत सापडतो.

नावाचा घोटाळा

साधने शोधताना एक अडचण येते. १९४० पूर्वीच्या कागदांत 'सेवाग्राम' हे नाव मिळणार नाही, कारण तेव्हा गाव सेगाव होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या रेल्वेवरच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकीच्या ठिकाणी जाई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलले. जुने नाव माहीत नसेल तर संग्रहालयाची सूची असूनही कागद हाती लागत नाही.

आपल्याकडेही हेच आहे. किन्हीराजा आज वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात आहे. पण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे कागद अकोला जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात. त्याही मागे गेलो तर १९०५ पर्यंत 'बासीम' नावाचा वेगळा जिल्हा होता. आणि नुसते मालेगाव म्हटले तर बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातले मालेगाव आठवते.

आपल्या गावाची नोंद

आपल्या गावांतली मातीची घरे झपाट्याने जात आहेत. त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे येतात, आणि ज्यांचे घर दर पावसाळ्यात गळत होते त्यांना ती हवीच असतात; त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण भिंतीसाठी काळी माती का चालत नाही, पांढरीच का लागते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते हे शाळेत न शिकलेल्या गवंड्याला कसे माहीत होते. मातीत भुसा किती कालवायचा, या गोष्टी कुठेही लिहिलेल्या नाहीत. सेगावच्या घराबद्दल आपल्याला इतके कळते, कारण तिथे लिहिणारे लोक राहत होते. आपल्या घरांत तसे कोणी नव्हते.

आठवी-नववीच्या मुलांना हे काम देता येईल. गावातले एक जुने घर निवडावे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत घराचे वर्णन, म्हणजे भिंती कशाच्या आणि छप्पर कशाचे, हे लिहिलेले असते. ते ग्रामपंचायतीच्या परवानगीने उतरवून घ्यावे. भिंतीची जाडी मोजावी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता घराच्या आत आणि बाहेर तापमान घ्यावे, शेजारच्या सिमेंटच्या घरातही घ्यावे. घरातल्या लग्नाची जुनी छायाचित्रे मागावीत. त्यांत माणसांच्या मागे भिंत, खांब, ओसरी दिसते. आजी-आजोबांनी सांगितलेले वेगळ्या रकान्यात लिहावे आणि त्यापुढे ऐकल्याची तारीख टाकावी. जुळणारे आणि न जुळणारे दोन्ही ठेवावे.

ही वही शाळेच्या कपाटात राहिली, तरी उद्या त्या घराविषयी कोणी विचारले तर उत्तर देणारा एक कागद गावात असेल.