खानदेशातील कॅराव्हान प्रवास

खानदेशातील कॅराव्हान प्रवास म्हणजे निवासाची सोय असलेला ट्रेलर मोटारीस जोडून अथवा तशीच सोय असलेल्या मोटारीतून जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत केले जाणारे पर्यटन होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटन धोरण स्वीकारले. मोटर वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे मोटार वाहनाने ओढले जाणारे वेगळे वाहन असून त्याची नोंदणीही वेगळी होते.

हंगाम

खानदेशातील उन्हाळा अतिशय कडक असतो, तर पावसाळ्यात येथील काळ्या जमिनीवर उभ्या केलेल्या ट्रेलरची चाके रुततात. त्यामुळे डिसेंबर व जानेवारी हे महिने सोयीचे ठरतात. भरिताच्या वांग्यांचा हंगामही हाच. याच सुमारास, मार्गशीर्षातील दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेडा येथे घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेली यात्रा भरते. मात्र दिवस लहान असतो आणि ऊस व कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांपैकी अनेकांना मागचे दिवे नसतात. मुक्काम सूर्यास्तापूर्वी गाठणे इष्ट.

मार्गाची निवड

ट्रेलर ओढणाऱ्यासाठी अंतरापेक्षा घाट महत्त्वाचा ठरतो. उतारावर ट्रेलर पुढील गाडीस ढकलतो. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवल्यास ते तापून निकामी होऊ शकतात, म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा लागतो. वळणावर ट्रेलरची चाके पुढील गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. मागील भागात अधिक वजन असल्यास वेग वाढताच ट्रेलर डोलू लागतो, तेव्हा जड सामान आसाच्या किंचित पुढे व तळाशी ठेवतात.

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव व भुसावळ यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ या भागात मैदानातून जातो आणि अशा प्रवासास सर्वांत सुलभ आहे. पश्चिमेस सुरतेकडे जाताना मात्र याच महामार्गावर कोंडाईबारी घाट लागतो.

दक्षिणेस चाळीसगाव व कन्नड यांच्या दरम्यान औट्रम घाट (कन्नड घाट) आहे. ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत दरडी कोसळून तो बंद पडला होता. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर तेथे जड वाहनांना बंदी करण्यात आली. बंदी जड वाहनांपुरती असली तरी लांब जोडवाहनाला तेथील वळणे अवघडच जातात, आणि मध्येच कोंडी झाल्यास ट्रेलरसह मागे फिरणे जवळजवळ अशक्य असते. छत्रपती संभाजीनगरकडे जाण्यासाठी मालेगाव, मनमाड, येवला व वैजापूर हा मार्ग लांबचा असला तरी अधिक निर्धोक आहे. पाटणादेवी मात्र डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या बाजूस असल्याने तेथे जाण्यासाठी घाट चढावा लागत नाही.

अजिंठा लेण्यांबाबतही हीच सोय आहे. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरील फर्दापूर घाटाच्या खाली वसले आहे. खासगी वाहने तेथील तिठ्यावर थांबतात व पुढे लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. अजिंठा गाव घाटमाथ्यावर असल्याने केवळ लेणी पाहून जळगावला परतणाऱ्यास घाटाशी संबंध येत नाही. तोरणमाळसाठी ट्रेलर शहाद्यास ठेवून केवळ मोटारीने वर जाणे योग्य.

रात्रीच्या थांब्यासाठी कठीण, सपाट जमीन निवडून ट्रेलर मोटारीपासून सोडवण्यापूर्वीच त्याच्या चाकांखाली उटी लावतात.