बोर्डीच्या अंगणापासून कोळगावपर्यंत : पालघर जिल्ह्यातील शालेय न्याहारीच्या प्रश्नाचा इतिहास

प्रास्ताविक

पालघर जिल्ह्यातील कुपोषणाविषयी गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ सालच्या बालमृत्यूंनंतर हा विषय महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून पूर्णपणे कधी बाजूला पडला नाही. शाळेत दुपारी शिजणाऱ्या खिचडीवरही बरीच चर्चा झाली. परंतु शाळेची घंटा होते त्या वेळी मुलाच्या पोटात काय असते, हा प्रश्न या चर्चेत नेहमी दुय्यम राहिला. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सकाळच्या न्याहारीची कल्पना या जिल्ह्याला नवीन नाही. अंगणवाडीतील बालकाला ती मिळते, निवासी आश्रमशाळेतील विद्यार्थ्यालाही मिळते. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या जिल्हा परिषदेच्या दिवसशाळेत मात्र तिची तरतूद नाही. ही पोकळी टंचाईतून निर्माण झालेली नसून योजनांच्या वेगवेगळ्या जन्मकथांतून निर्माण झालेली आहे.

खावटी आणि सकाळ

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वभागातील वारली, कोकणा, मल्हार कोळी व कातकरी समाजांच्या उपासमारीला एक निश्चित ऋतुचक्र होते. भाताची लावणी आटोपल्यावर आणि नवे पीक हाती येण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः श्रावण-भाद्रपदात, घरातील धान्य संपत असे. तेव्हा सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून धान्य उसने आणावयाचे व सुगीनंतर ते वाढीव मापाने परत करावयाचे, या व्यवहाराला ‘खावटी’ म्हणत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने धनकोकडे राबत राहावयाचे, ही लग्नगडीची प्रथा याच व्यवस्थेचे दुसरे अंग होते. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली, वेठ व लग्नगडी यांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची कहाणी लिहिली. स्वातंत्र्यानंतर वेठ गेली. खावटीची गरज मात्र उरली. म्हणूनच १९७८ पासून शासनाला आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज योजना चालवावी लागली.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, ज्या घरात धान्य मोजून शिजते त्या घरात पहिली काटछाट सकाळच्या खाण्यावर होते. रात्रीची पेज किंवा नाचणीची भाकरी उरली असेल तर सकाळी खायला मिळते. नसेल तर कोरा चहा. आजही दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत, अथवा उजाडताच मजुरीच्या नाक्यावर जाऊन उभ्या राहणाऱ्या आईच्या घरात, परिस्थिती फार निराळी नाही.

अंगणात गेलेली शाळा

झरीची परिषद ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, त्याच परिसरात, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. एका ठिकाणी मजुरीचा लढा, दुसऱ्या ठिकाणी बालशिक्षणाचा प्रयोग. या दोन घटनांचा एकत्र विचार आपल्याकडे क्वचितच केला जातो. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच दारिद्र्य होते.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात माँटेसरी पद्धतीत घडलेल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार अशी त्यांच्या कार्याची आधीची वाटचाल आहे. शहरातील मूल आंघोळ करून, खाऊन, स्वच्छ कपडे घालून बालमंदिरात येते. खेड्यातील वस्तीवरचे मूल मुळात येतच नव्हते. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. या ‘अंगणवाडी’त अक्षरओळखीच्या आधी आंघोळ, केस विंचरणे आणि खाऊ यांना स्थान होते. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदवणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ आकाराला आली. मूल घरी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, तर भावंडालाही आणा; मूल रानात असते, तर शाळाच रानात न्या, असा हा सरळ विचार होता. शिक्षणाच्या आड येणारी प्रत्येक अडचण ही शाळेचीच अडचण आहे, असे मानणारी ही दृष्टी होती. पुढे नियमांची पुस्तके वाढत गेली आणि ती मागे पडली.

परदेशातही हाच अनुभव आढळतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९०७ मध्ये सुमारे चाळीस मुलांना काही महिने शाळेतर्फे न्याहारी व दुपारचे जेवण देण्यात आले. दूध घातलेली ओटची लापशी हा न्याहारीचा मुख्य पदार्थ होता. मुलांची वजने नियमितपणे घेतली गेली. ती वाढली, आणि मध्यंतरीच्या सुट्टीच्या आठवड्यात घटली. शाळेचे अन्न आणि मुलाचे शरीर यांच्यातील संबंध याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा त्या काळात दुर्मिळच म्हणावा लागेल.

तांदूळ, खिचडी आणि कायद्याचा तक्ता

‘अंगणवाडी’ हा शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला. शाळेतील आहाराची कथा मात्र निराळ्या दिशेने गेली. केंद्र शासनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष जेवण दिले जात नव्हते. ऐंशी टक्के उपस्थिती असणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत असे. याचा अर्थ असा की, अन्न हे शिकण्याचे साधन नसून हजेरीचे बक्षीस होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. हा बदल मोठा होता, यात शंका नाही. तथापि ‘मध्यान्ह’ हा शब्द योजनेला चिकटला तो चिकटलाच.

त्याचा परिणाम राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट दिसत होता. तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकास सकाळचा अल्पोपहार व गरम जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. तर पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास केवळ दुपारचे जेवण, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. म्हणजे मूल अंगणवाडीतून पहिलीत गेले की त्याची सकाळ तर जातेच, शिवाय त्या मूळ अनुसूचीनुसार देय असलेले उष्मांकही पन्नासाने कमी होत. वाढत्या वयाबरोबर भूक कमी होते असे मानणारे आहारशास्त्र प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. दोन मंत्रालयांनी दोन तक्ते तयार केले आणि ते शेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये ही उणीव मान्य केलेली आहे. दुपारच्या जेवणासोबत साधी, पौष्टिक न्याहारी द्यावी. गरम अन्न शक्य नसेल तेथे शेंगदाणे अथवा चणे गुळासह, किंवा स्थानिक फळे द्यावीत, अशी शिफारस धोरणात आहे. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत न्याहारीचा समावेश झाला नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांस केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा अतिरिक्त निधी थांबवला गेला. स्थानिक फळांचा विचार करता, घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्या वाड्यांत राबणाऱ्या मजुरांच्या मुलांच्या सकाळच्या ताटात तो यावा, अशी व्यवस्था मात्र कोणत्याही योजनेत नाही.

कांबळगावचा अनुभव

न्याहारी मोठ्या प्रमाणावर कशी पुरवावी याचा एक प्रयोग बोईसरजवळच झालेला आहे. आदिवासी विकास विभागाने टाटा ट्रस्ट्स व अक्षयपात्र प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने नाशिक जिल्ह्यातील मुंढेगाव आणि पालघर जिल्ह्यातील कांबळगाव येथे मध्यवर्ती स्वयंपाकगृहे उभारली. आश्रमशाळांतील मुलांचे चारही वेळचे खाणे तेथे तयार होऊन वाहनांनी पोहोचविले जाऊ लागले. शाळेच्या धुरकट स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छता, मापे आणि हिशेब या दृष्टींनी ही व्यवस्था सरस होती. पण अंतर हा तिचा कच्चा दुवा होता. घाटाखालील वळणावळणाच्या रस्त्यांवरून, पावसाळ्यात, सकाळचे अन्न वेळेवर आणि गरम पोहोचविणे हे सोपे काम नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये जिल्ह्यातील अनेक आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना एकाच वेळी विषबाधा झाली, तेव्हा एकाच चुलीवर अनेक शाळा अवलंबून असल्या म्हणजे दोषही किती दूर पसरतो, हे दिसून आले.

तमिळनाडूने याबाबत अधिक व्यवहार्य मार्ग शोधला. तेथे १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून मुख्यमंत्री न्याहारी योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात १,५४५ शाळा होत्या. २५ ऑगस्ट २०२३ पासून ती राज्यातील सर्व शासकीय प्राथमिक शाळांना लागू झाली. उपमा, पोंगल, रवा किंवा शेवयांची खिचडी असे वारनिहाय पदार्थ ठरलेले आहेत. ग्रामीण भागात ते महिला बचत गटांच्या सदस्या शाळेतच शिजवतात, आणि त्यासाठी शक्यतो त्याच शाळेत ज्यांची मुले शिकतात अशा महिलांची निवड केली जाते. आई स्वतः शिजवते तेथे मीठ-मसाल्याची तक्रार समितीपर्यंत जावी लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात असा कार्यक्रम उभा करावयाचा तर पहिला प्रश्न पदार्थांचा नसून माणसांचा आहे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहाराचे काम करणाऱ्या स्वयंपाकी तथा मदतनिसांचे मानधन २०२३ मध्ये वाढून दरमहा २,५०० रुपये झाले. याच महिलांना त्याच मानधनात सकाळी दोन तास लवकर येण्यास सांगणे म्हणजे मुलाची भूक आईच्या वेठीवर भागवणे होय. झरीच्या परिषदेचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशात तर हे मुळीच शोभणार नाही. दुसरा प्रश्न वेळेचा. ग्रामीण शाळा सामान्यतः साडेदहाच्या सुमारास भरते आणि जेवणाची सुट्टी दुपारी एकच्या पुढेमागे होते. तेव्हा परिपाठापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. तिसरा प्रश्न जागेचा. अनेक पाड्यांवर अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असते. लहानग्यांचा अल्पोपहार तेथे तयार होतोच. त्याच चुलीवर मोठ्या पातेल्यात पहिली ते चौथीच्या मुलांसाठीही तो शिजू शकतो. कोसबादच्या विकासवाडीत पाळणाघर ते प्राथमिक शाळा एका आवारात ठेवण्यामागे हाच हिशेब होता.

अडचण आहे ती खात्यांची. अंगणवाडीचा शिधा महिला व बालकल्याण विभागाकडून येतो, शाळेचा शिक्षण विभागाकडून, आणि आश्रमशाळेचा डहाणू व जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडून. तिघांची साठा नोंदवही वेगळी, तपासणी वेगळी. जिल्हा परिषदेचे यांपैकी दोन्ही विभाग आता कोळगाव येथील जिल्हा मुख्यालयाच्या संकुलात आहेत. एकाच पातेल्याचा खर्च दोन नोंदवह्यांत कसा दाखवावयाचा, हे तेथे एका बैठकीत ठरविता येण्याजोगे आहे.