गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे: कोणता लागला की लगेच थांबायचं?

चावी फिरवली की डॅशबोर्डवर बरेच दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझतात. घाबरू नका, गाडी दिवे चालू आहेत ना हे तपासत असते. सेकंड हँड गाडी बघायला गेलात तर हे मुद्दाम पाहा. चेक इंजिनचा दिवा तेव्हा लागलाच नाही, तर बिघाड लपवायला कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

रंगांचं गणित सोपं आहे. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे फक्त माहिती.

लाल दिव्यांत सगळ्यात महागात पडणारा म्हणजे तेलाच्या झारीसारखं चिन्ह. अनेकांना वाटतं, हा दिवा ऑइल कमी झाल्याचं सांगतो. खरं तर तो ऑइलचं प्रेशर पडल्याचं सांगतो. प्रेशर नसेल तर इंजिनच्या फिरत्या भागांमध्ये ऑइलचा थर राहत नाही, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन सीझ होऊ शकतं. त्यामुळे ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ हा विचार नको. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकवर लेव्हल बघा. लेव्हल ठीक असूनही दिवा लागत असेल तर गाडी टो करूनच न्या.

लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलंय. घाटात असं झालं तर एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून थांबा. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. हँडब्रेक खाली असूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. तेव्हाही गाडी पुढे नेऊ नका. बॅटरीचा दिवा बहुतेक वेळा बॅटरीचा नसतो, चार्जिंग होत नसल्याचा असतो.

आता पिवळा चेक इंजिन. स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत आरामात चालवत न्या. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं आणि हा भाग स्वस्त नाही. अॅक्सिलरेटर हलका ठेवा आणि गाडी लवकरात लवकर थांबवा.

या दिव्यामागचा एरर कोड तुमच्या फोनवर दिसू शकतो. स्टिअरिंगखाली १६ पिनचा ओबीडी पोर्ट असतो, त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावायचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०१७१ म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. मी सॉफ्टवेअरवाला, रोज एरर लॉग वाचतो, म्हणून सांगतो: कोड लक्षण सांगतो, कारण नाही. पी०१७१ च्या मागे हवेची गळती, खराब सेन्सर किंवा कमजोर फ्युएल पंप, काहीही असू शकतं. कोड बघून थेट पार्ट मागवू नका.

आणि अॅपमधलं ‘क्लिअर’ बटण दाबायची घाई नको. एरर आली त्या क्षणी इंजिनचा वेग, तापमान किती होतं, ही नोंदही त्याने पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट काढा, मेकॅनिकला दाखवा.