बोरघाटाचा नाका आणि चाकावरील कर

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेले आहेत. डोंगर उतरून कोंकणांत येणारा माणूस येथें पहिला श्वास घेतो, आणि घाट चढूं इच्छिणारा येथेंच पागोटें आवळतो. अशा ठिकाणीं वाट असते, आणि जेथें वाट असते तेथें नाका असतो. वाटसरूनें सरकारास काय द्यावें, कशाबद्दल द्यावें, आणि न दिल्यास सरकारनें त्याचें काय करावें, हे तीन प्रश्न या मुलखांत फार जुने आहेत. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे. कर न भरलेलें वाहन रस्त्यावर नसून धन्याच्या स्वतःच्या अंगणांत उभें असेल, तर सरकारचा हात कुंपण ओलांडून त्याच्या चाकापर्यंत पोंचतो काय?

या चौथ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या तिहींच्या इतिहासांत दडलेलें आहे. म्हणून तो इतिहास प्रथम पाहणें इष्ट.

कर्जतजवळ कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं आहेत. सोपारा, कल्याण इत्यादि बंदरांतला माल घाटावर जाण्याच्या प्राचीन वाटांवर अशीं लेणीं ठिकठिकाणीं कोरलेलीं आढळतात. उत्तरेकडील नाणेघाटांत जो मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा पैसा टाकण्यासाठीं होता अशी लोकसमजूत आहे. ती खरी असो वा नसो, वाट आणि कर यांची जोडी लोकांच्या मनांत किती घट्ट बसलेली आहे, हें तीवरून दिसून येतें.

पेशवाईंत बोरघाटानें वाहतूक होई ती लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, किंवा माणसांच्या खांद्यावरून. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आजही त्या रहदारीची साक्ष देतात. परंतु घाटांत चाक चढत नसे. म्हणून त्या काळची जकात चाकावर नव्हती. ती मालावर होती. बैलाच्या पाठीवर काय आहे हें पाहून आकार ठरे, आणि रिकामा बैल व भरलेला बैल यांत भेद केला जाई.

आतां वसुलीची रीत पाहावी. ज्याच्याकडे सरकारची बाकी राहील त्याच्या दारीं मोहसल बसविण्याची पद्धति मराठी राज्यांत रूढ होती. मोहसल म्हणजे वसुलीसाठीं पाठविलेला शिपाई. बाकी फिटेपर्यंत त्यानें दारांतून हलावयाचें नाहीं, आणि त्याचा रोजचा खर्च बाकीदारानेंच सोसावयाचा. खाजगी देण्याघेण्यांतही तगादा चाले. धनको ऋणकोच्या दारीं धरणें धरून बसे, त्याला जेवूं देत नसे, क्वचित् डोक्यावर दगड देऊन उन्हांत उभें करी. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल सादर केला, त्यांत या तगाद्याच्या चढत्या पायऱ्या नमूद केल्या आहेत. या साऱ्या उपायांचें मर्म एकच होतें: माणसाची हालचाल थांबवावी, म्हणजे पैसा आपोआप बाहेर येतो.

पेशवाई संपली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. चाक घाट चढलें. पुढें १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील वाटेवरची मालाची जकात कायद्यानें उठविण्यांत आली. मालावरचा कर गेला. पण रस्ता बांधण्याचा व राखण्याचा खर्च काढण्यासाठीं टोल राहिला. रस्ते व पूल यांवरील टोलाविषयीं मुंबईचा स्वतंत्र कायदा १८७५ सालचा आहे.

टोल ही गोष्ट समजावयास सोपी होती. आडवा बांबू, शेजारीं चौकी, आणि पैसे दिल्याशिवाय बांबू वर जावयाचा नाहीं. जो रस्ता वापरील त्यानें द्यावें. ज्याची गाडी घरच्या गोठ्यापाशीं टेकवून ठेवलेली आहे त्याच्याकडे कोणी मागावयास येत नसे. करवसुलीची जागा आणि रस्त्याचा उपयोग करण्याची जागा एकच होती. त्यामुळें दांडगाई झाली तरी ती नाक्यावर होई, घराच्या उंबरठ्यावर नव्हे.

रेल्वेनें चित्र पालटलें. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं सर बार्टल फ्रिअर याच्या हस्तें बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. घाटांतून जाणारा माल रुळांवर गेला. त्यानंतर रस्त्याला पुन्हां महत्त्व आलें तें मोटारीमुळें.

मोटार येण्यापूर्वींच मुंबई शहरानें एक निराळी वाट पाडली होती. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें शहरांत वापरासाठीं ठेवलेल्या गाड्यांवर आणि जनावरांवर कर बसविला. ‘वापरासाठीं ठेवलेल्या’ हे दोन शब्द लहान दिसतात, परंतु त्यांनीं कराचें रूपच बदललें. टोल हा प्रवासाचा मोबदला होता; हा नवा कर मालकीच्या पावलावर पाऊल टाकून घरीं आला. गाडी आज रस्त्यावर गेली कीं नाहीं हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. ती बग्गीखान्यांत सज्ज आहे, एवढें पुरे.

हिंदुस्थानांत मोटारींचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ सालीं झाला. मोटारींच्या वजनानें आणि वेगानें जुने खडीचे रस्ते उखडूं लागले. त्यांचा खर्च कोठून काढावयाचा याचा विचार करण्यासाठीं १९२७ सालीं जी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंबईचे सुप्रसिद्ध कायदेपंडित मुकुंदराव जयकर हे होते. तिच्या शिफारशींवरून पेट्रोलवरील जादा जकातीचा रस्ते-निधि १९२९ सालीं स्थापन झाला. पुढें १९३५ सालीं मुंबई इलाख्यानें मोटारवाहन-कराचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९५८ सालीं त्याची जागा नव्या एकत्रित कायद्यानें घेतली. महाराष्ट्रांत आजही मुळांत तोच कायदा चालतो.

या १९५८ च्या कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. राज्यांत ‘वापरलेल्या किंवा वापरासाठीं ठेवलेल्या’ सर्व मोटारवाहनांवर तो कर बसवितो; म्हणजे १८८८ चेच शब्द येथें पुन्हां भेटतात. शिवाय, वाहन वापरांत नव्हतें असें कर-अधिकाऱ्यानें प्रमाणित केलेलें नसेल, तर नोंदणीकृत मालक तें वापरतोच किंवा वापरासाठीं ठेवतोच, असें हा कायदा गृहीत धरतो. सिद्ध करण्याचा भार सरकारवर नाहीं, मालकावर आहे. गाडी बंद ठेवावयाची असेल तर तसें आगाऊ लेखी कळवावें लागतें. कर्जतच्या एखाद्या शेतघराच्या मागें आंब्याखालीं टेंपो दोन पावसाळे गंजत पडला, चाकांतून गवत वर आलें, तरी कागद दिलेला नसेल तर कायद्याच्या दृष्टीनें तो टेंपो धांवतोच आहे.

हें न्याय्य आहे काय? दोन्ही बाजू नीट ऐकल्या पाहिजेत. सरकार म्हणतें, राज्यांतील प्रत्येक गाडीमागें पहारा ठेवणें अशक्य आहे. लेखी कळविण्याची अट काढली तर करबुडव्या मनुष्य रात्रीं गाडी चालवील आणि दिवसा अंगणांत उभी करून हात वर करील. त्याचा भार प्रामाणिकपणें भरणाऱ्यावर पडेल. मालक म्हणतो, कर रस्त्यासाठीं आहे. मीं रस्ता झिजविला नाहीं, तर भरावयाचें कशाबद्दल?

हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें अनेकदां आला. ओरिसांतील बोलानी येथील खाणीच्या खटल्यांत १९७४ सालीं न्यायालयानें मत दिलें कीं, केवळ खाणीच्या आवारांत काम करणाऱ्या वाहनांवर हा कर लागूं नये. १९८० सालीं त्रावणकोरच्या चहामळ्यांच्या खटल्यांत ‘वापरासाठीं ठेवलेलें’ याचा अर्थ सार्वजनिक रस्त्यांवर वापरण्यासाठीं ठेवलेलें, असा केला गेला. परंतु आगाऊ कळविण्याच्या अटीचें महत्त्वही न्यायालयानें राखलें. ऑगस्ट २०२५ मध्यें विशाखापट्टणच्या पोलाद कारखान्याच्या भिंतीआड माल हलविणाऱ्या ३६ वाहनांविषयीं निकाल झाला. तें आवार सार्वजनिक जागा नाहीं, म्हणून तेथेंच राबणाऱ्या वाहनांवर कर नाहीं, असें ठरलें. मात्र आंध्रच्या कायद्यांत ‘सार्वजनिक जागा’ हे शब्द स्पष्ट आहेत, महाराष्ट्राच्या कलमांत ते नाहींत. खोपोलीच्या कारखानदारानें किंवा कर्जतच्या बागाइतदारानें या निकालावर भिस्त ठेवून कागद पाठविण्याचा आळस करूं नये.

राहिला प्रश्न वसुलीच्या हत्याराचा. चाकाला लोखंडी चिमटा लावून गाडी जागच्या जागीं जखडण्याची युक्ति अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं निघाली. १९५५ च्या जानेवारींत तेथील पोलिसांनीं ती वापरांत आणली, आणि तिचा जनक फ्रँक मारग यास १९५८ सालीं पेटंट मिळालें. आपल्याकडे तिला जॅमर म्हणतात. भारताच्या १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांत चाक जखडण्याचा उल्लेख आहे. पण तो सार्वजनिक जागीं दहा तास बेवारस सोडलेल्या किंवा मनाई असलेल्या जागीं उभ्या केलेल्या वाहनापुरता. तेथें अधिकार आहे तो गणवेशांतील पोलिस अधिकाऱ्याला. अंगणांतील गाडीचा त्या कलमाशीं संबंध नाहीं. कराची बाकी वसूल करण्याची वाट वेगळी आहे. ती जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. म्हणजे आधीं नोटीस, मग जप्ती, मग लिलाव.

इंग्लंडांत याहून पुढचें पाऊल टाकलें गेलें. वाहन रस्त्यावर नसल्याचें लेखी कळविण्याची सक्ति तेथें १९९८ सालीं आली, आणि २००८ च्या कायद्यानें कर न भरलेलें वाहन खाजगी जमिनीवरही जखडण्याची मुभा सरकारला मिळाली. तरीही राहत्या घराला लागून असलेलें अंगण त्यांतून वगळण्यांत आलें. उलट, जमिनीच्या खाजगी धन्यांनीं परक्या गाड्या जखडून पैसे उकळण्याचा जो धंदा मांडला होता, तो स्कॉटलंडच्या न्यायालयानें १९९२ सालीं गुन्हा ठरविला, आणि इंग्लंड व वेल्समध्यें २०१२ पासून कायद्यानें बंद झाला. सरकारचा कर आणि खाजगी दंडेली यांतील सीमा त्या देशानें अशी आंखली.

जॅमर हा एक प्रकारें लोखंडी मोहसलच होय. तो खात नाहीं, पीत नाहीं, पण हालचाल थांबवितो. परंतु त्यांत एक विसंगति आहे. ज्या टेंपोवर पोट चालतें तोच जखडला, तर कर भरण्याचें साधनच बंद पडतें. १९०८ च्या दिवाणी संहितेनें शेतकऱ्याचीं औतें आणि निर्वाहास लागणारीं गुरें जप्तींतून वगळलीं, तीं याच विचारानें. बैलाला जें संरक्षण मिळालें, तें बैलाची जागा घेणाऱ्या टेंपोला नांव घेऊन कोणी दिलेलें नाहीं.

२००२ सालीं मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला, आणि खालापूर येथें पुन्हां टोलनाका उभा राहिला. नवल असें कीं, मोटारींवर टोल घेण्यास मूळ मनाई करणाऱ्या १९५८ च्या कर-कायद्याच्या विसाव्या कलमांतच पुढें दुरुस्ती होऊन अशा टोलांना वाट मिळाली. ज्या घाटाच्या तोंडाशीं माल्कमच्या रस्त्यानें चाकाला प्रथम वर नेलें, तेथेंच आज चाक दोनदां देतें: एकदां असल्याबद्दल, एकदां जाण्याबद्दल.

नाक्यावर थांबविलेल्या गाडीवानाला आपण काय वापरलें आणि काय दिलें हें कळत असे. कुंपणाआड उभ्या असलेल्या गाडीच्या धन्याला तें कळावयास हवें असेल, तर कायद्यानें जखडण्याआधीं विचारलें पाहिजे, आणि धन्यानें विचारण्याआधीं कळविलें पाहिजे. एका कागदाचें हें काम आहे. तो वेळेवर गेला तर मोहसलानें दारीं यावें असें कारण उरत नाहीं.