पंचवीस क्रमांकाचे बंदर

मालवणला पूर्वी पावसाळा लागला की मुंबईची आगबोट बंद होई. टपाल मात्र बंद होत नसे, ते घाटवाटेने येई. संगणकाच्या टपालाचेही असेच एक बंदर बंद झाले. फरक एवढाच, की ते पावसाने नव्हे, माणसांनी बंद केले.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमांक घातलेली पासष्ट हजारांवर 'पोर्ट' असतात. (हा शब्द दारावरून आला, बंदरावरून नव्हे, असे जाणकार सांगतील, आम्ही मालवणच्या बाजूने आहोत.) ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी 'एसएमटीपी' हे टपालाचे नियम लिहिले. त्यासाठी २५ हा क्रमांक ठरला. जाळे तेव्हा लहान आणि विश्वासाचे होते. कोणाचेही पत्र कोणताही सर्व्हर पुढे धाडी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, तोवर जाहिरातबाजांनी हा भाबडेपणा हेरला होता. पुढे तर विषाणूंनी ताब्यात घेतलेले घरगुती संगणकच परक्या सर्व्हरांच्या २५ क्रमांकावर पत्रांचा कचरा ओतू लागले.

अनेक सेवापुरवठादारांनी मग ग्राहकांची २५ची वाटच बंद केली. कचरा अडला, पण ज्या छोट्या संस्थेचा टपाल-सर्व्हर दुसरीकडे होता, तिची साधी पत्रेही अडली. यावर लोकांनी तोड काढली. सर्व्हरवर २५२५ सारखे एखादे पोर्ट उघडायचे आणि तिथे येणारी जोडणी आतल्या आत २५कडे वळवायची. फायरवॉलमध्ये एखादा नियम घातला की काम होते. टपालाच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. मात्र ओळख न विचारता वाट उघडली, तर तीच वाट कचऱ्यालाही सापडते.

डिसेंबर १९९८ मध्ये गेलेन्स आणि क्लेन्सिन यांनी या कामासाठी ५८७ हे अधिकृत पोर्ट सुचवले. ग्राहकाने पत्र टाकायची पेटी वेगळी, आणि टपालकचेऱ्यांनी आपापसांत थैल्या देण्याची जागा वेगळी. ही विभागणी १९८२ सालीच व्हायला हवी होती, असे आम्हांला वाटते. २००६च्या नियमांनी या पेटीवर ओळख पटवणे हीच मूळ रीत ठरवली. २०१८ पासून सुरुवातीपासूनच सांकेतिक असलेल्या ४६५ला पसंती आहे.

बाहेरून येणाऱ्या पत्रांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. पत्र कुठे न्यायचे हे सांगणाऱ्या 'एमएक्स' नोंदीत यंत्राचे नाव असते, पोर्ट नसते. परका सर्व्हर २५वरच येणार. तिथे दार बंद असेल, तर २५ उघडे असलेल्या मध्यस्थाकडे पत्रे उतरवून दुसऱ्या पोर्टाने घरी आणावी लागतात. शाळेतल्या संगणकावर 'एनएसलुकअप' आज्ञेने अशी नोंद विद्यार्थ्यांना दाखवता येईल. नावाजवळ १० किंवा २० असा आकडा दिसेल. तो पसंतीक्रम आहे, पोर्ट नव्हे.