अफूच्या कायद्यापासून रसायनाच्या कायद्यापर्यंत

माळव्याच्या अफूचा इतिहास इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस अपरिचित नाही. होळकर व शिंदे यांच्या मुलखांत पिकणारी ही अफू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांची जकात चुकवून सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरी पोहोचे व तेथून चीनकडे रवाना होई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ही वाट खुंटली. पुढे १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे झाले, १९३० मध्ये घातक औषधिद्रव्यांचा कायदा आला. या सर्वांची दृष्टी मुख्यतः पीक व त्यापासून निघणारे मादक द्रव्य यांवर खिळलेली होती. अपराधाची वस्तु डोळ्यांना दिसत असे.

रसायनशास्त्राने हे चित्र पालटले. अफूतील मॉर्फीनपासून लंडनमध्ये १८७४ साली एक नवे संयुग तयार करण्यात आले. १८९८ पासून जर्मनीतील बायर कंपनीने ते ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्यावरील औषध म्हणून विकले. हे द्रव्य चोरून बनविणारांस अॅसेटिक अनहायड्राइड नावाचा द्रव लागतो. परंतु हाच द्रव अॅस्पिरिनच्या, रंगांच्या आणि कृत्रिम धाग्यांच्या कारखान्यांतही लागतो. मग ज्याच्या कोठीत त्याचे पिंप सापडले, तो उद्योजक की अपराधी?

या प्रश्नास १९८८ च्या डिसेंबरात व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तोंड दिले. अशा रसायनांच्या याद्या करण्यात आल्या. अवैध निर्मितीसाठी त्यांचा उपयोग होणार हे ठाऊक असूनही ती बाळगणे हा गुन्हा मानावा, असे त्यात ठरले. मात्र प्रत्येक राष्ट्राच्या घटनात्मक तत्त्वांची मर्यादा तेथे राखलेली आहे. भारताच्या १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यविषयक अधिनियमात १९८९ मध्ये ‘नियंत्रित पदार्थ’ ही नवी कल्पना आली. त्यांविषयीच्या आदेशाचा भंग करणारास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा कलम २५-अ मध्ये सांगितली. कारणे नमूद करून न्यायालय याहून अधिक दंडही करू शकते. १९९३ च्या आदेशाने अॅसेटिक अनहायड्राइडच्या व्यवहारांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. १९९९ मध्ये दम्यावरील औषधांत वापरले जाणारे एफेड्रिनही नियंत्रित पदार्थांत आले. २०१३ च्या आदेशाने ही व्यवस्था अधिक विस्तृत केली.

येथेच न्यायाची खरी कसोटी लागते. या अधिनियमात आरोपीच्या मनातील दोष गृहीत धरलेला आहे; तो नव्हता हे आरोपीनेच निःसंशय सिद्ध करावयाचे. सामान्य फौजदारी न्यायाच्या अगदी उलट ही रीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात ती वैध ठरविली, परंतु पायाभूत तथ्ये प्रथम सरकार पक्षाने शाबीत केली पाहिजेत, असेही बजावले. हा निर्बंध नसता तर निव्वळ संशयही प्रामाणिक व्यापाऱ्यास तुरुंगाच्या दारी नेऊ शकला असता.

अफूच्या गोटीस एकच अर्थ होता. रसायनाच्या पिंपास दोन आहेत. त्यांतील खरा कोणता, हे आता व्यापाऱ्याच्या कीर्द-खतावणीवरून बव्हंशी ठरते. म्हणून ज्या समाजास व्यसनाचा व्यापार मोडावयाचा आहे, त्याने कायद्याच्या कठोरपणाइतकीच पुराव्याच्या शुद्धतेचीही चाड बाळगली पाहिजे. निरपराध्यास झालेली शिक्षा व्यसनाधीन घरास वाचवीत नाही. ती आणखी एक घर उद्ध्वस्त करते.