हगाम्याच्या मुलखात पळण्याची बातमी

आमच्या पट्ट्यात खेळाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि जूनमध्येही नाही. ते सुरू होतं हगाम्यापासून. द्राक्षं उतरायला लागली, हरभरा घरात आला, की माघापासून गावोगावच्या जत्रा लागतात आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि ऊन उतरलं की मानाची. हलगी कडाडते, पंच फेटा सावरत जोड लावतात, जोड पसंत नसला की दोन्ही गावांचे लोक आखाड्यात उतरतात आणि अर्धा तास कुस्तीपेक्षा भांडणच रंगतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत हे चालतं. पुढे खरड छाटणी आणि पेरणी, खेळ संपला.

वणीत वर्तमानपत्राची एजन्सी आणि वार्ताहरकी एकाच माणसाकडे असायची, तशी ती बरीच वर्षं माझ्याकडे होती. पहाटे गठ्ठे सोडायचे, दिवसा बातमी गोळा करायची, संध्याकाळी पाकीट नाशिकच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती द्यायचं. पुढे फॅक्स आला, मग ई-मेल. हगाम्याची बातमी मला झोपेत लिहिता यायची: अमुक गावच्या पैलवानाने तमुक गावच्या पैलवानास घिस्सा डावावर चीतपट करून मानाचे इनाम पटकावले, पंच म्हणून यांनी काम पाहिले, आभार यांनी मानले. ही बातमी कधी मागे पडली नाही. गावातला पैलवान छापून आला की त्या गावात दहा अंक जास्त खपायचे, हे नाशिकच्या डेस्कलाही माहीत होतं.

पळणं मात्र खेळात धरलेलंच नव्हतं. चालणं, चढणं, ओझं घेऊन अंतर कापणं हे आमच्याकडे देवाचं तरी असायचं, नाहीतर पोटाचं. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते आणि खानदेशातून, धुळे-जळगावाकडून, माणसं उन्हातान्हात पायी येतात. (बाहेरची मंडळी म्हणतात 'वणीची देवी', पण सप्तशृंगीचा गड आमच्या गावात नाही, तो कळवण तालुक्यात, वणीहून नांदुरीला जायचं आणि तिथून घाट चढायचा. आमच्या गावात आहे ती जगदंबा.) कोजागिरीला कावडी येतात, नद्यांचं पाणी खांद्यावर घेऊन. आणि चैत्र यात्रेत व नवरात्रात गडाच्या शिखरावर निशाण लागतं, ते लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. रात्रीच्या अंधारात, उभ्या कड्यावरून, निशाण घेऊन माणूस वर जातो आणि परत येतो. कसा जातो हे पाहायला कुणी पाठीमागे जात नाही. याला दुसऱ्या कुठल्या मुलखात गिर्यारोहण म्हणाले असते आणि पदकं वाटली असती. मी ही बातमी दरवर्षी दिली आणि ती दरवर्षी यात्रेच्या पानावर लागली. तिथं कुणी पहिला-दुसरा येत नाही, म्हणून ती खेळाच्या पानावर जाण्याचं कारणच नव्हतं.

पळण्याची बातमी आमच्याकडे बाहेरून यायची. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. त्या खेळांत १०० मीटर जिंकली फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगाने, आणि पी. टी. उषा दुसरी. १९८६ ला सोलमध्ये १०० मीटरला पुन्हा तोच निकाल. पण २०० मीटरला उषा पुढे आणि लिडिया मागे. शिवाय उषाने ४०० मीटर, ४०० मीटर अडथळा आणि रिले अशी आणखी तीन सुवर्णं नेली. लिडिया मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातली, बापानेच तिला तयार केलेलं. उषा केरळातल्या पय्योळीची. या दोघींची नावं वणीच्या स्टँडवर चहा पिणाऱ्यांना पाठ होती. पण पय्योळी असो की बुलाकान, ती दूरची गावं. आपल्या डोंगरातून असं कुणी येईल, असं चहा पिणाऱ्यांपैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता २०१० चं वर्ष. कात्रणांच्या फाइली मी सालवार लावतो आणि त्यांत ही फाइल सगळ्यात जाड आहे. फेब्रुवारीत, २४ तारखेला, ग्वाल्हेरला सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात पुरुषांमध्ये तोवर कुणी केल्या नव्हत्या. मार्चमध्ये चैत्र यात्रा आणि आयपीएल एकाच आठवड्यात आले, तेव्हा गडाखालच्या दुकानांतही प्रसादाशेजारी स्कोअर चालू होता. ८ ऑगस्टला म्युनिकहून बातमी आली, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन रायफलमध्ये विश्वविजेती झाली. ६०० पैकी ५९७ गुण. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत पुण्याची अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत यांनी पिस्तुलात सुवर्ण आणलं.

कोल्हापूरचं कौतुक आहेच, पण नवल नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधून घेतलं; तिथं खेळाडूला मान द्यायची सवय शंभर वर्षांची. आमच्या जिल्ह्याला तसा राजा नव्हता. आमच्याकडे इतिहास विचाराल तर वणी-दिंडोरीची लढाई, १६७०. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाला इथं हरवलं. त्यानंतर दिल्लीच्या पानावर जायला आम्हाला ३४० वर्षं लागली, असं मी गमतीने म्हणतो. त्या लढाईचा महिना ऑक्टोबरच होता.

२०१० साली ८ ऑक्टोबरला घटस्थापना होती. वार्ताहरासाठी वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस. गडावर किती गर्दी, जादा एस.टी. किती सोडल्या, दर्शनबारी कुठवर आली, पाण्याची सोय काय. आणि त्याच दिवसांत दिंडोरी तालुक्यात गोडी छाटणी जोरात असते. काडी छाटायची, डोळ्यांना पेस्ट लावायची, आणि हे सगळं मोजक्या दिवसांत उरकायचं; बागायतदाराला माणसं कमी पडतात. ही माणसं येतात सुरगाण्याहून, पेठहून, हरसूलकडून. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही म्हणून टोळी करून उतरतात, बागेच्या कडेला पालात राहतात, एकरी उक्तं काम घेतात. आमची द्राक्षं युरोपात गेली त्यात या टोळ्यांचे हात आहेत. आम्हाला त्यांची नावं माहीत नसायची. 'हरसूलची टोळी', 'पेठची टोळी', एवढीच ओळख.

त्या दिवशी दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत १०,००० मीटर धावली. म्हणजे मैदानाच्या २५ फेऱ्या. पुढे केनियाच्या ग्रेस मोमानी आणि डोरिस चांगेवो, आणि तिसरी कविता, ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. ब्राँझ. डेस्कने मला फोन केला तो गर्दीच्या आकड्यासाठी नव्हे. सावरपाडा वणीपासून किती लांब, तिथं कुणी ओळखीचं आहे का? राष्ट्रकुल खेळांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री होती, आणि बाईमाणूस-पुरुष धरून पाहिलं तर १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगने ४४० यार्ड जिंकल्यानंतरचं भारताचं पहिलंच. बावन्न वर्षं मधे गेली होती. दुसऱ्या दिवशी माझी घटस्थापना दोन परिच्छेदांत आली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

गठ्ठे टाकून परत येताना एका बागेत टोळीतल्या बाया अंक मधे धरून बसलेल्या दिसल्या. वाचणारी एकच होती, सातवी-आठवीतून शाळा सुटलेली पोरगी. बाकीच्या फोटो बघत होत्या. बागेचा मालक बांधावर उभा. काम थांबलंय म्हणून ओरडावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने शेवटी विचारलं, तुमच्याकडची का ही? मजुराला त्याचं गाव विचारताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचा महिना तर आणखी मोठा. २१ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा. चीनमधल्या ग्वांगझूत आशियाई खेळांत पुन्हा १०,००० मीटर. प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद, कविता ३१ मिनिटं ५१.४४. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही भारताकडे, मधलं अंतर एका सेकंदाहून कमी. मला या निकालातली दुसरी वजाबाकी जास्त मोठी वाटते. घटस्थापनेला ३३ मिनिटं ५ सेकंद लागले होते, त्रिपुरीला ३१ मिनिटं ५१. दीड महिन्यात तेच अंतर ७४ सेकंदांनी लवकर. वेगवेगळ्या शर्यतींची वेळ अशी लावू नये, हवा आणि सोबतचे धावपटू वेगळे असतात, हे जाणकार सांगतील, तरीही. पाच दिवसांनी ५,००० मीटरला तिला ब्राँझ मिळालं. त्याच खेळांत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने पोहण्यात ब्राँझ आणलं, १९८६ च्या खजानसिंगनंतरचं भारताचं पहिलं. आणि बायकांची कबड्डी आशियाई खेळांत पहिल्यांदा आली ती याच वर्षी, सुवर्ण भारताचंच.

मग लेख आले. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव घट्ट बसलं, ज्या पट्ट्यात आजही रेल्वेचा रूळ नाही तिथल्या मुलीला. आणि प्रत्येक लेखात तीच गोष्ट: अनवाणी पाय, डोक्यावर हंडा, डोंगरातली वाट. यातलं खोटं काही नाही. वडील वनखात्यात, घरची परिस्थिती बेताची, बूट नव्हते, पाणी लांबून आणावं लागे. पण मला या गोष्टीचा राग यायचा आणि अजून येतो. हंडा तर पेठ-सुरगाण्यातली प्रत्येक मुलगी वाहते. हंड्याने धावपटू घडत असते तर उन्हाळ्यातली प्रत्येक विहीर स्टेडियम झाली असती. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल आहे, डॉ. मुंज्यांनी १९३७ साली काढलेलं. तिथल्या मैदानावर विजेंद्र सिंग नावाचे प्रशिक्षक ठाण मांडून बसले होते. त्यांनी डोंगरातल्या पोरी हेरल्या, शहरात राहायची सोय लागली, दोन वेळचं अन्न नेमाने पोटात जाऊ लागलं, आणि रोज पहाटे घड्याळ हातात धरून उभा राहणारा माणूस मिळाला. पायांना सवय आधीपासून होतीच. पण रोज पहाटे कुणीतरी वेळ मोजून वहीत लिहिणं हे इथं नवं होतं. ते कुणी फारसं लिहिलं नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

त्या वहीत पुढे आणखी नावं आली. आमच्याच दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. त्याच वर्षी चांदवडकडच्या संजीवनी जाधवने भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरचं ब्राँझ मिळवलं. चांदवड तालुक्यातल्याच तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचा रस्ता वेगळा. तो सैन्यात गेला आणि तिथं त्याच्या हातात वल्ही आली. २०१६ ला रिओत तो एकेरी नौकानयनात तेरावा आला, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत चौघांच्या बोटीत सुवर्ण. कविताला २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला होता. ती रिओत मॅरेथॉनला उतरली.

मी एजन्सी सोडून काही वर्षं झाली. हगामे जोरात आहेत, उलट वाढलेत. मानाच्या कुस्तीला आता मोठी रोख रक्कम आणि वर चांदीची गदा लागते, आणि बऱ्याच ठिकाणी मुलींच्या कुस्त्याही लावतात, त्यांना टाळ्या जास्त पडतात. शालेय स्पर्धांचे निकाल मी अजून पाहतो. १,५०० आणि ३,००० मीटरला वरची नावं बहुतेक आश्रमशाळांची असतात. बागायतदारांची पोरं क्रिकेटच्या यादीत सापडतात. तालुक्याला पहिली आलेल्या मुलीला प्रमाणपत्र मिळतं. परतीचं एस.टी. भाडं शिक्षक आपल्या खिशातून भरतात, आणि गोडी छाटणीच्या दिवसांत स्पर्धा आली तर तिचे आई-बाप आमच्याकडच्याच कुठल्यातरी बागेत पेस्ट लावत असतात.